तीन महिने थांबू नका: जास्त वजन, बाळंतपण आणि बाळ

आमच्याकडे एक रीत आहे, नागपुरात काय नि खेड्यावर काय, पोरीला दिवस गेले की तीन महिने पूर्ण झाल्याशिवाय कुणाला सांगायचं नाही. त्यात पितृपक्ष आला तर विषयच काढायचा नाही. ही रीत उगाच पडलेली नाही, गर्भ टिकला नाही असं जे होतं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच होतं, आणि सगळ्या गावाला सांगून मग ते दुःख चारचौघांत सोसण्यापेक्षा गप्प राहिलेलं बरं असं बायकांना वाटलं असणार, ते मला समजते. पण ज्या पोरीचं वजन खूप जास्त आहे तिच्यासाठी हेच तीन महिने सगळ्यात कामाचे असतात. शेजारणीला सांगू नका, पाहुण्यांना सांगू नका, पण डॉक्टरला सांगा आणि पहिल्याच महिन्यात सांगा, एवढं एक सांगायलाच मी हे लिहायला बसली आहे.

मी डॉक्टर नाही. सक्करदऱ्याकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, बरीच वर्षं झाली. रोज सकाळी उपाशीपोटी आलेल्या, घाबरलेल्या, नवऱ्यासोबत किंवा सासूसोबत आलेल्या पोरी पाहते. आणि दोन वर्षांपूर्वी माझ्याच धाकट्या भावाच्या बायकोचं बाळंतपण मी पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत पाहिलं. तेव्हा तिचं वजन होतं 102 किलो आणि उंची पाच फूट दोन इंच.

आता जास्त म्हणजे किती जास्त, तर त्याचा हिशोब बीएमआयने करतात. वजन किलोत घ्यायचं आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिचा वर्ग करून त्याने भागायचं. भावजयीचं 102 भागिले 1.57 गुणिले 1.57, म्हणजे साधारण 41. जगभरात 30 च्या वर लठ्ठपणा म्हणतात, 35 च्या वर गंभीर आणि 40 च्या वर अतिगंभीर. आपल्या भारतीयांसाठी डॉक्टर लोक 25 पासूनच लठ्ठपणा धरतात, कारण आपल्या अंगात त्याच वजनाला चरबी जास्त असते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचंच मोजून दाखवलं होतं, 2004 मध्ये लॅन्सेटमध्ये दोघांचा फोटो छापून आला, दोघांचाही बीएमआय 22.3, पण अंगातली चरबी युडकिनची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2 टक्के. म्हणून आपल्याकडे 32-33 बीएमआयची पोरगी दिसायला "अंगाने भरलेली" एवढीच वाटते, पण आतून तिची शुगर आणि बीपी लवकर डगमगू शकतात. मी पुढे जे लिहिते ते 35-40 च्या वरच्यांना तर लागू आहेच, पण त्याखालच्यांनीही वाचावं.

आणि हे आधीच सांगून टाकते की जास्त वजनाच्या बहुतेक बायकांची बाळं चांगली ठणठणीत होतात. धोका वाढतो म्हणजे तो होतोच असं नाही. घाबरवायला नाही लिहीत, कुठे काय बिघडू शकते आणि तिथे काय करता येते एवढं माहीत असलं की अर्धी भीती जाते.

सगळ्यात मोठी गोष्ट शुगरची. चरबी म्हणजे नुसता साठा असं आपण समजतो, कोठीत धान्याचे पोते ठेवल्यासारखं, पण तसं नाही, चरबी काम करत असते, तिच्यातून काही द्रव्यं रक्तात जातात आणि त्याच्याने शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होते. इन्सुलिनचं काम म्हणजे रक्तातली साखर पेशींच्या आत घालणं. ऐकत नाही म्हणून शरीर अजून इन्सुलिन बनवते, ताण वाढतो. आता गरोदरपणात काय होते की वार, जी बाळाला पोसते, तीसुद्धा असे हार्मोन सोडते की आईचं इन्सुलिन अजून कमी चालावं, म्हणजे बाळाला साखर मिळत राहावी. निसर्गाची ही सोय चांगलीच आहे, पण जिचं शरीर आधीच इन्सुलिनचं ऐकत नव्हतं तिच्यावर हा दुसरा बोजा पडतो आणि शुगर वर जाते. वारेतून साखर पलीकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळ काय करणार, ते आपलं स्वतःचं इन्सुलिन बनवायला लागते, जितकी साखर येईल तितकं. डेन्मार्कच्या पेडरसन नावाच्या डॉक्टरने 1950 च्या दशकात हे मांडलं आणि आजही तेच शिकवतात. इन्सुलिन हे वाढवणारं हार्मोन आहे, म्हणून बाळाच्या अंगावर चरबी चढते, खांदे नि पोट भरतात, बाळ चार किलोच्या वर जाऊ शकते. आणि आपल्याकडे साडेतीन-चार किलोचं बाळ झालं की पेढे वाटतात, काय गुटगुटीत पोट्टं झालं म्हणून. गुटगुटीत असणं वाईट नाही, पण ते साखरेने झालं का हे पाहावं लागते.

मोठ्या बाळाचा त्रास कळा सुरू झाल्यावर कळतो. डोकं बाहेर येते आणि खांदा आईच्या हाडामागे अडकते. तेव्हा मिनिटांचा खेळ असतो, डॉक्टर नि सिस्टर मिळून आईचे पाय वर पोटाकडे घेतात, ओटीपोटावर दाबतात, खांदा सोडवतात, बहुतेक वेळा सुटतो, पण कधी बाळाची हासळी, म्हणजे गळ्याखालचं हाड, मोडते, कधी हाताच्या नसा ताणल्या जातात. म्हणून असं बाळंतपण घरी किंवा छोट्या ठिकाणी नको, जिथे बाळाचा डॉक्टर आणि ऑपरेशनची सोय चोवीस तास आहे तिथे हवं.

आणि जन्मल्यावर लगेच दुसरी गोष्ट. नाळ कापली की आईकडची साखर एका क्षणात बंद होते, पण बाळाचं इन्सुलिन अजून जोरात सुरूच असते, त्याला काय माहीत की पुरवठा थांबला. त्यामुळे बाळाची शुगर पहिल्या काही तासांत खाली येऊ शकते. बाळ सुस्त पडते, नीट ओढत नाही, थरथरते, आणि कधी काहीच लक्षण दिसत नाही. म्हणून अशा बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन पहिल्या दिवसात परत परत तपासतात. घरच्यांना वाईट वाटते, एवढ्याशा जिवाला किती टोचून राहिले म्हणून, सासवा रडतात, मी पाहिलं आहे. पण ते टोचणं थांबवू नका. मेंदूचं इंधन साखर आहे, ती जास्त वेळ कमी राहिली तर नुकसान होते, आणि वेळेत कळलं तर नुसतं पाजून किंवा सलाईनने ती वर येते. याशिवाय आईच्या शुगरमुळे बाळाची फुप्फुसं तयार व्हायला थोडा उशीर लागू शकतो म्हणून श्वास जोरात चालते, कावीळ जास्त दिसते, कॅल्शियम कमी होते. यातलं बरंचसं काही दिवसांत निस्तरते, पण त्यासाठी बाळाला थोडे दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागू शकते, हे आधीच माहीत असलं की तेव्हा घरात हलकल्लोळ होत नाही.

आता माझ्या कामाचं. गरोदर बाईची शुगर आपल्याकडे सरकारी पद्धतीने अशी पाहतात: 75 ग्रॅम ग्लुकोज साधारण 300 मिली पाण्यात, पाच-दहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त. उपाशी असणं जरुरीचं नाही. 140 किंवा त्याच्या वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. ही टेस्ट पहिल्याच भेटीत करायची असते आणि नॉर्मल आली तर परत 24 ते 28 आठवड्यांच्या मधे. आमच्याकडे ज्या येतात त्यातल्या कितीतरी जणी सहाव्या महिन्यातच पहिल्यांदा येतात, पहिली टेस्ट झालेलीच नसते. जिचं वजन खूप आहे तिची शुगर पहिल्या तीन महिन्यांतही वाढलेली असू शकते, अगदी दिवस जायच्या आधीपासूनही, आणि तेव्हाच तर बाळाचं हृदय, पाठीचा कणा सगळं बनत असते. एक बारीक गोष्ट, ते गोड पाणी प्यायल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर टेस्ट दुसऱ्या दिवशी परत करायची असते, तेव्हा लाजू नका, सांगा आम्हाला. बाहेर जाऊन गुपचूप उलटी करून येतात नि सांगत नाहीत, मग रिपोर्ट खोटा नॉर्मल येतो, नुकसान तिचंच होते.

माझ्या भावजयीची पाळी चुकली ती पोळ्याच्या सुमारास. मारबतीची मिरवणूक पाहायला नेहमी जाते ती, यावेळी नको म्हणाली, तेव्हाच मला अंदाज आला. मग गणपती, मग पितृपक्ष. आमच्या आत्याने सांगून ठेवलं की दिवाळीपर्यंत तोंडातून काढायचं नाही. मी तिला म्हटलं, तू कुणाला सांगू नको पण माझ्यासोबत चल. तर आत्या म्हणते, "काहून नेऊन राहिली वं तिला आत्ताच, तीन महिने तं होऊ दे." मी आत्याशी वाद नाही घातला, म्हटलं लॅबमध्ये माझ्यासोबत बसायला येऊन राहिली आहे. सातवा आठवडा होता. त्यातही फोलिक ॲसिडची खरी वेळ निघून गेली होती, कारण बाळाचा कणा नि मेंदू जिच्यातून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्यावर दोनेक आठवड्यांतच. वजन जास्त असलं की ही नळी उघडी राहायचा धोका थोडा वाढतो, म्हणून डॉक्टर अशा बाईला नेहमीच्या 400 मायक्रोग्रॅमऐवजी कित्येकदा 5 मिलिग्रॅमची गोळी देतात, आणि ती दिवस जायच्या आधीपासून सुरू करायची असते. लग्न होऊन मूल हवं आहे असं ठरवलं त्याच दिवशी डॉक्टरला विचारावं असं माझं मत आहे. आमच्याकडून ते राहिलं. तिची ग्लुकोजची टेस्ट मीच केली. 152 आली.

रडली ती. मला म्हणाली, ताई माझ्यामुळे झालं. मी तेव्हा काय बोलावं सुचलं नाही, आज लिहून सांगते, त्या दिवशी कळलं हीच चांगली गोष्ट झाली, सहाव्या महिन्यात कळलं असतं तर चार महिने बाळ त्या साखरेत वाढलं असतं.

दुसरी मोठी गोष्ट बीपीची. 20 आठवड्यांनंतर बीपी 140/90 च्या वर जाणं आणि लघवीत प्रोटीन जाणं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेटवर परिणाम होणं याला प्री-एक्लाम्प्सिया म्हणतात, आपल्याकडे बायका "अंगावर सूज आली नि झटके आले" असं सांगतात तो त्याचाच शेवटचा टप्पा. वजन जास्त असलं की याचा धोका बराच वाढतो. वारेच्या रक्तवाहिन्या सुरुवातीच्या महिन्यांत आईच्या गर्भाशयात नीट रुजायच्या असतात, तिथेच गडबड सुरू होते, त्रास मात्र सातव्या-आठव्या महिन्यात दिसतो. म्हणून ज्यांना धोका जास्त आहे त्यांना डॉक्टर कमी डोसचं ॲस्पिरिन देतात, आणि ते 12 आठवड्यांच्या आसपास, 16 आठवड्यांच्या आत सुरू केलं तर त्याचा फायदा. आता पाहा, तीन महिने गप्प बसून, मग दिवाळी, मग माहेरचे पाहुणे, असं करत करत जी चौथ्या-पाचव्या महिन्यात पहिल्यांदा दवाखान्यात जाते तिच्या हातून ती वेळ गेलेली असते. भावजयीचं ॲस्पिरिन दिवाळीच्या दोन दिवस आधी सुरू झालं. स्वतःच्या मनाने मात्र कुणी घेऊ नका, कुणाला द्यायचं नि किती ते डॉक्टरच ठरवतात.

बीपीवरून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. पाचव्या महिन्यात ती एका दवाखान्यात गेली, तिथे तिच्या दंडाला नेहमीचा पट्टा बांधला, तो धड पुरेना, ओढून बसवला, बीपी आलं 150/96. सगळे घाबरले, आजच ॲडमिट व्हा म्हणाले. दुसरीकडे नेलं, तिथल्या सिस्टरने मोठा पट्टा काढला आणि पंधरा मिनिटं बसवून मोजलं, 126/80. दंड जाड असला नि पट्टा लहान असला की बीपी खोटं जास्त दिसते, हे तिथे कळलं. उलटंही होते, एकदा असं झालं की पुढे खरंच वाढलं तरी घरचे म्हणतात पट्ट्याचंच असेल. म्हणून दर वेळी विचारा, मोठा पट्टा, म्हणजे मोठा कफ, आहे का? हे विचारण्यात काही उद्धटपणा नाही. डोकं सतत दुखणं, डोळ्यांपुढे चमकणं, छातीच्या खाली उजवीकडे दुखणं, चेहरा एकदम सुजणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट पाहू नका. आणि गरोदर बाई रात्री जोरात घोरते, मधेच श्वास थांबून दचकते असं नवऱ्याने पाहिलं असेल तर तेही डॉक्टरला सांगा, झोपेतला तो त्रास बीपी वाढवतो.

सोनोग्राफीत वेगळीच अडचण. पोटावरच्या चरबीतून ध्वनीलहरी जाताना कमजोर होतात, चित्र धूसर येते, डिसेंबरच्या पहाटे फुटाळा तलावाचा पलीकडचा काठ जसा धुक्यात दिसत नाही तसं. 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत भावजयीच्या बाळाचं हृदय नीट दिसलं नाही, रिपोर्टवर लिहून आलं की आईच्या शरीरयष्टीमुळे पाहणीला मर्यादा आल्या. घरी सगळ्यांनी अर्थ काढला की बाळाच्या हृदयात काहीतरी आहे. तसं नव्हतं, दिसलं नाही एवढंच. दोन आठवड्यांनी परत बोलावलं, दिसलं, चारही कप्पे बरोबर. पोटावर टेप लावून बाळाची वाढ मोजतात तेही अशा बाईत फसवं ठरू शकते, म्हणून शेवटच्या महिन्यांत वाढीसाठी सोनोग्राफी जास्त वेळा करावी लागते, खर्च वाढतो हे खरं आहे. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी होते, आपल्याकडे नागपुरात डागा आहे, मेडिकल आहे, मेयो आहे, तिथे जायला लाजू नये.

रक्ताच्या गुठळीचंही थोडक्यात सांगते. गरोदरपणात रक्त तसंही जास्त गोठते, बाळंतपणात रक्त जास्त जाऊ नये म्हणून, पण वजन जास्त, हालचाल कमी, वर सिझर, असं एकत्र आलं की पायाच्या नसेत गुठळी होऊन ती फुप्फुसात जायचा धोका असतो. म्हणून सिझरनंतर लवकर उठवून चालवतात, काहींना रक्त गोठू नये म्हणून पोटात टोचायचं इंजेक्शन काही दिवस देतात. बाळंतिणीला सव्वा महिना खाटेवरून उतरू द्यायचं नाही ही आपली माया आहे, पण इथे ती उलटी पडते. एकाच पोटरीला दुखून सूज आली किंवा अचानक धाप लागली तर ताबडतोब दवाखाना.

भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच, आठव्या महिन्यातच भेटून घ्यावं. पाठीत सुई द्यायला मणके हाताला लागत नाहीत, पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर घशात श्वासाची नळी घालणं अवघड जाते, आणि हे सगळं रात्री दोन वाजता घाईत ठरवण्यापेक्षा दिवसा निवांत ठरलेलं बरं. आमच्या इथे ही भेट झाली आणि मला वाटते तिच्या अर्ध्या चिंता तिथेच गेल्या, कारण तो पहिला माणूस होता ज्याने वजनावरून एक शब्द न बोलता नुसता तिचा गळा, पाठ, हात पाहिले आणि सांगितलं की आम्ही असं असं करू.

हे मला टोचते म्हणून लिहिते. माझ्याकडे ज्या जाड बाया येतात त्यांची नस सापडायला वेळ लागते, कोपराला नाही मिळत, मनगटाच्या मागे मिळते, कोमट पाण्याची पिशवी थोडा वेळ ठेवली की मिळते. यात त्यांचा काही गुन्हा नाही. पण त्या हात पुढे करायच्या आधीच "सॉरी मॅडम, माझी नस नाही मिळत" म्हणतात. कुठेतरी कुणीतरी चिडून बोललेलं असते. वजनकाट्यावर उभं राहताना सगळ्यांसमोर आकडा ओरडून सांगितलेला असते. मग ती पुढची तारीख चुकवते, आणि चुकलेल्या तारखेत शुगर, बीपी, सगळंच निसटते. वजनाने जेवढा धोका होतो त्यात या अपमानाचा वाटा किती हे कुणी मोजत नाही, पण मी रोज पाहते.

खाण्याचं. दोन जिवांची आहे, दोघांचं खा, हे प्रेमाने म्हणतात. खरं तर गरोदर बाईला दिवसाला वरून लागतात साधारण 350 कॅलरी, म्हणजे एक भाकर, वाटीभर वरण नि थोडं दही. आणि जिचा बीएमआय 30 च्या वर आहे तिचं पूर्ण नऊ महिन्यांत 5 ते 9 किलो वाढणं पुरेसं समजतात. उलट टोकाला जाऊन गरोदरपणात डाएटिंग करून वजन उतरवायला निघणं, एकवेळ जेवणं, उपास, हे करू नका. भावजयीने नवरात्राचे नऊ उपास धरायचं ठरवलं होतं, साबुदाणा नि बटाट्यावर, शुगर 152 आल्यावर. मोठ्या मुश्किलीने तिला पहिला नि शेवटचा दिवस धरायला तयार केलं, तेही दूध, दाणे, भगर खाऊन. सकाळचे तर्री-पोहे बंद नाही केले, पण छोटी बशी आणि सोबत भिजवलेल्या मटकीची मोठी वाटी. संत्र्याचा ज्यूस बंद, अख्खं संत्रं चालेल. भात अर्धा, वरण दुप्पट, अंबाडीची भाजी नि ज्वारीची भाकर. जेवण झालं की वीस मिनिटं ट्रॅफिक पार्कला चक्कर. दोन तासांनंतरची शुगर 120 च्या आत हवी असते, सातव्या महिन्यापर्यंत यावर भागलं, मग इन्सुलिन लागलं. इन्सुलिन लागलं म्हणजे ती हरली असं काही नाही, वारेचे हार्मोन त्या महिन्यांत सगळ्यात जास्त असतात. आणि अजून एक, जाड बाईला रक्त कमी नसेल असं समजू नका, अंगात बारीक सूज सतत राहिली की लोह नीट शोषलं जात नाही, हिमोग्लोबिन नऊवर आलेल्या जाड पोरी मी बऱ्याच पाहिल्या आहेत.

एक गोष्ट लिहायला जड जाते. वजन खूप जास्त असलं की शेवटच्या महिन्यांत बाळ पोटातच जायचा धोकाही वाढतो. धोका लहान आहे, पण आहे. त्यासाठी आईने करायची गोष्ट एकच, बाळाची हालचाल ओळखून ठेवणं. पोटावर चरबी असल्याने हालचाल कमीच कळणार असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नेहमीपेक्षा कमी वाटली की त्याच वेळी निघा, रात्र असली तरी, 102 किंवा 108 ला फोन करून.

सिझर झालं मे महिन्यात, 38 आठवडे पूर्ण झाल्यावर, बाहेर 45 अंश. मुलगी, 3 किलो 400 ग्रॅम. पहिल्या तासाची शुगर 38 आली, लगेच आईच्या छातीशी लावलं, चीक पाजला, तासाभराने 54. जाड आयांना दूध उतरायला एखाद-दोन दिवस उशीर होऊ शकते, बाळ ओढते तेव्हा मेंदूतून दुधाचं जे हार्मोन सुटते ते त्यांच्यात सुरुवातीला थोडं कमी असते. तिला चौथ्या दिवशी उतरलं. तोवर घरून बाटली आणायची तयारी झाली होती, सिस्टर आडव्या आल्या, दर दोन-तीन तासांनी पाजायला लावलं, बाळाला बगलेखाली धरून, म्हणजे टाक्यांवर वजन पडत नाही नि छाती मोठी असली तरी बाळाचं नाक दबत नाही. टाक्यांचंही पोटाच्या घडीखाली घामाने भिजून पिकायचं भय होतं, दिवसातून तीनदा पंख्याखाली पडून घडी उचलून कोरडी करायची आणि मऊ सुती फडकं ठेवायचं, कूलरच्या ओल्या हवेत नाही. सातव्या दिवशी थोडं लाल झालं होतं, लगेच दाखवलं, गोळ्यांवर निभावलं.

पुढचं काय, बाळही जाड होईल का, असं ती विचारत होती. अमेरिकेत ॲरिझोनात पीमा नावाचे आदिवासी आहेत, त्यांच्यात सख्ख्या भावंडांची तुलना केली, 2000 साली ते छापून आलं. आईला मधुमेह व्हायच्या आधी जन्मलेलं मूल आणि झाल्यावर जन्मलेलं मूल, आईबाप तेच, घर तेच, पण दुसऱ्यात पुढे लठ्ठपणा नि मधुमेह जास्त. म्हणजे पोटातली साखर स्वतःचा ठसा ठेवते, रक्तातून आलं ते वेगळं. मला यातून हे दिसते की नऊ महिन्यांत शुगर ताब्यात ठेवण्याचं काम पुढच्या पन्नास वर्षांसाठी असते, आणि तिने ते केलं होतं. दुसऱ्या बाळाच्या आधी वजन थोडं जरी उतरलं तरी फायदा आहे. वजनाचं ऑपरेशन करायचं ठरवलं तर त्यानंतर वर्ष-दीड वर्ष दिवस जाऊ देऊ नयेत, आणि पुढच्या वेळी ग्लुकोजचं पाणी प्यायच्या आधी ऑपरेशनचं सांगायचं, कारण त्या पोटाला ते सोसत नाही, शुगर वेगळ्या पद्धतीने पाहावी लागते.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी तीच 75 ग्रॅमची टेस्ट परत करायची असते, आणि ही सगळ्यात जास्त चुकते, बाळाच्या गडबडीत आईला कोण आठवते. आमच्याकडे गरोदरपणात ज्यांची शुगर वाढली होती त्यातल्या थोड्याच परत येतात. भावजय आली, जून संपत आला होता, बाहेर पाऊस, पोरगी आमच्या आत्याच्या मांडीवर. मनगटाच्या मागे नस मिळाली. 118. कार्डावर पुढच्या वर्षीच्या जूनची तारीख लिहून दिली, आणि ती तारीख आत्यानेच कालनिर्णयावर गोल करून ठेवली आहे.